सबक ऐकून घेणारं घरी कुणी आहे का?

"आपा, तुम्ही गृहपाठ फारच कमी देता."

जुलैच्या पालकसभेत ही तक्रार दरवर्षी होते, तशी त्या वर्षीही झाली. बाहेर पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात समोरच्याचं बोलणं धड ऐकू येईना. तक्रार करणारे वडील पाताळगंगेच्या एका कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी न जाता सरळ शाळेत आले होते. शेजारी त्यांची बायको, कडेवर धाकटी. म्हणाले, "शेजारची इंग्लिश मीडियमची पोरं दोन-दोन तास लिहीत बसतात. आमचा अर्ध्या तासात दप्तर आवरतो आणि खेळायला पळतो. जरा जास्त लिहायला द्या की."

बाकीच्या पालकांनीही माना हलवल्या. आणि आम्ही ऐकलं. तिसरीच्या वर्गाला रोज एक पान शुद्धलेखन, एक पाढा लिहून आणि धड्याखालची प्रश्नोत्तरं असा गृहपाठ सुरू केला. पालक खूश झाले. खरं सांगायचं तर आम्हीही खूश झालो, कारण भरलेली वही दाखवता येते.

त्या गृहस्थांचा मुलगा वर्गातल्या सर्वांत नीटनेटक्या वह्यांपैकी एक वही आणायचा. अक्षर गोल, समास आखलेला, खाडाखोड नाही. आम्ही लाल पेनाने 'छान' लिहीत गेलो. सप्टेंबरच्या अखेरीस एकदा मुलांना एकेकटं जवळ बसवून वाचायला लावलं, तेव्हा त्याने पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. पण बोट एका ओळीवर होतं आणि तोंड दुसऱ्या. शंका आली म्हणून वाचनकोपऱ्यातलं त्याने कधी न पाहिलेलं गोष्टीचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. तो गप्प झाला. 'एका गावात' एवढे दोन शब्द त्याने अक्षर अक्षर लावत वाचले आणि मग आमच्याकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. शुद्धलेखन तो चित्रासारखं उतरवत होता आणि प्रश्नांची उत्तरं सातवीतली बहीण स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून त्याला सांगत होती. म्हणजे आम्ही गृहपाठ एका मुलाला दिला आणि तो दोघांचा वेळ खात होता.

चूक आमची. त्या पोराने आम्हाला फसवलं नाही, आम्ही जे मागितलं तेच त्याने आणून दिलं. आम्ही पान मागितलं होतं.

आता हे सगळं तिसरीतच एवढं मनावर का घ्यायचं? पुढे शिकेल की, असं पुष्कळ घरी म्हणतात. त्यासाठी आमच्या वर्गाचं वर्ष कसं चालतं आणि त्यात मुलाकडून काय अपेक्षित असतं, हे एकदा सविस्तर सांगायला हवं. प्रगतिपुस्तकावर सही करताना पालक फक्त श्रेणी पाहतात, तिच्यामागचं कुणी सांगत नाही.

शाळेचं पहिलं सत्र जूनच्या मध्याला सुरू होतं आणि दिवाळीच्या सुट्टीला संपतं. दुसरं दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत. दोन्ही सत्रांच्या शेवटी संकलित मूल्यमापन होतं, ज्याला घरी आपण परीक्षा म्हणतो. पण २०१० सालापासून राज्यात जी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात तिसरी-चौथीला या परीक्षेचं वजन शंभरात चाळीसच. उरलेले साठ गुण आकारिक, म्हणजे सत्रभर मूल वर्गात काय बोलतं, कसं वाचतं, प्रयोग आणि कृती काय करतं, यांचे. पहिली-दुसरीत तर हे प्रमाण सत्तर-तीस आहे. तेव्हा परीक्षेच्या आठ दिवस आधी मुलाला ट्यूशनला बसवून फार काही पदरात पडत नाही.

अपेक्षा म्हणाल तर केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं, त्यात मुलांनी काय गाठायचं ते अगदी साध्या शब्दांत मांडलेलं आहे. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतचे अंक यावेत. दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत. तिसरी संपताना मुलाने कधी न पाहिलेला, वयाला साजेसा मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येऊन सोपे गुणाकार सोडवावेत. यात 'न पाहिलेला' हा शब्द कळीचा आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याची वही हजार वेळा तपासली असती तरी तो या अपेक्षेपासून किती लांब आहे, हे कळलं नसतं.

साठ शब्द हा आकडा कुणी हवेत काढलेला नाही. मूल फार अडखळत वाचत असेल तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. मग परिसर अभ्यासातलं पाण्याचं प्रकरण असो की गणितातलं शाब्दिक उदाहरण, त्याला काहीच कळत नाही. आम्ही म्हणतो मुलगा गणितात कच्चा आहे. बऱ्याचदा तो गणितात कच्चा नसतो, त्याला उदाहरण वाचता येत नसतं.

आणि असं मूल वर्गात कुठेही अडत नाही. शिक्षणहक्क कायद्यामुळे त्याला खालच्या वर्गात बसवून ठेवत नाहीत, ते तिसरीतून चौथीत जातं, चौथीतून पाचवीत. पण २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात उत्तीर्ण न झाल्यास पुनर्परीक्षा आणि तिथेही न जमल्यास त्याच वर्गात. तिसरीत झाकलेली गोष्ट पाचवीत उघडी पडते. तोवर मुलाला शाळेची शरम वाटायला लागलेली असते. मुलगा असेल तर 'पढाई त्याच्या बस की नाही' म्हणत गॅरेजचा रस्ता, मुलगी असेल तर घरकाम. मोहोपाडा आणि रसायनीच्या परिसरात आम्ही हे पुष्कळ पाहिलं आहे.

इथल्या घरांची एक वेगळी गोष्ट आहे, ती ओघात सांगतो. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना इथे आला, त्यावरून या भागाला रसायनी म्हणतात. त्या काळी नोकरी म्हणजे कायमची, वसाहतीतलं घर, मुलांना शाळा. २०१७ मध्ये केंद्राने तिथला बहुतेक कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आज आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहेत, पाळ्यांमध्ये. कुणी मूळचे खालापूर-कर्जतचे, घरी कोकणी बोलणारे, कुणी मराठवाड्यातून आलेले, कुणी उत्तर प्रदेशातून. कंत्राट कधी संपेल, याचा नेम नाही. म्हणून रात्रपाळी करून आलेला माणूस लाल डोळ्यांनी पालकसभेत उभा राहून 'जास्त लिहायला द्या' म्हणतो, तेव्हा त्याला हसू नये. त्याच्याकडे मुलाला द्यायला दुसरं काही नाही, हे त्याला ठाऊक असतं.

पण मागणी चुकीची होती आणि ती मान्य करणारे आम्हीही.

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितलं आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. त्याआधी मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई केली होती. हे पुढच्या सभेत सांगितलं तेव्हा पालकांना गंमत वाटली. एका आईने विचारलं, "मग घरी करायचं काय त्याने?"

उत्तर आम्हाला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही, मकतबमध्ये मिळालं. बीएड करताना मूल्यमापनाची जाडजूड पुस्तकं वाचली. पण लहानपणी ज्या चटईवर बसून नूरानी कायदा शिकलो, तिथली रीत आठवायला इतकी वर्षं लागली. मकतबमध्ये कुणी गृहपाठाची वही तपासत नाही. तिथे सबक 'सुनवावा' लागतो. मूल उस्तादांसमोर बसतं, म्हणतं आणि उस्ताद ऐकतात. अडलं की थांबवतात. आणि हाफिज होणाऱ्या मुलांचे तर तीन भाग ठरलेले असतात. आजचा नवा सबक, मागच्या काही दिवसांचा सबकी आणि जुन्यातला आमोख्ता, जो फिरून फिरून ऐकवायचा. नवं रोज थोडं, जुनं रोज थोडं, आणि ऐकणारा माणूस समोर. मागचं विसरू न देण्याची याहून चांगली रीत आम्हाला तरी माहीत नाही.

इथे एक सावधगिरी. कुरआनचा नाझरा करणारं मूल अरबी छान वाचतं, म्हणून त्याला वाचन येतंच असं पालक धरून चालतात. जबर, जेर, पेश लावलेला मजकूर उच्चारणं हे कौशल्य आहेच, त्याने जीभ आणि डोळा तयार होतो. पण शाळेत वाचन म्हणजे वाचलेलं समजणं. उर्दूत एराब लिहीत नाहीत, तिथे शब्द ओळखीचा असावा लागतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं लिहिलेलं असतं, पण जोडाक्षरं आडवी येतात. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून. आमची मुलं हे सगळं आठव्या वर्षी एकदम पेलतात, याचं खरं तर कौतुक व्हायला हवं.

तर दिवाळीनंतर आम्ही गृहपाठ बदलला. लिहिण्याचं जवळजवळ बंद केलं. रोज वीस मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस. हिशेब केलात तर बरोबर दोन तास होतात. त्यात आजचं एक पान, गेल्या आठवड्यातलं एक पान आणि एखादी जुनी गोष्ट किंवा जुना पाढा. घरातल्या कुणीतरी ऐकायचं. ऐकणाऱ्याने वहीत फक्त तारीख आणि सही किंवा अंगठा.

पहिली अडचण वेळेची निघाली. आठ वर्षांच्या मुलाचा दिवस पाहा. फजरनंतर थोड्या वेळाने मकतब, मग शाळा, असरच्या सुमाराला ट्यूशन, मगरिबला घरी, मग जेवण आणि डुलक्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, कारण मुलांची झोप पुरी होत नव्हती. त्यामुळे सकाळची घाई थोडी कमी झाली, पण काही घरांनी तो मोकळा झालेला तासही शिकवणीला दिला. आम्ही पालकांना सांगितलं की ट्यूशन बंद करा असं म्हणत नाही, पण जिथे बाई वीस मुलांना एकदम बसवून शाळेचाच गृहपाठ उरकून घेतात, तिथे तुमच्या मुलाला एकट्याला कुणी ऐकत नाही. बहुतेक घरांना मगरिबनंतरची, चुलीवर भाकरी पडायच्या आधीची वेळ जमली. रमजान दुसऱ्या सत्रात येतो तेव्हा हे गणित कोलमडतं. त्या महिन्यापुरती काही आयांनी मकतबहून आल्यावरची वेळ धरली आणि तरावीहच्या गडबडीतून मुलाला सोडवलं.

दुसरी अडचण मोठी होती. "आपा, आम्हालाच वाचता येत नाही, ऐकून काय कळणार?" हे बोलायला आईला किती जड जातं, ते समोर बसल्यावर कळतं. पण यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे कामही अवघड नाही. मूल अडखळलं की कानाला कळतं, त्याला अक्षर यावं लागत नाही. त्याचं बोट शब्दाखाली सरकतंय की नाही, ते डोळ्याला दिसतं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, काय झालं गोष्टीत? ते कोकणीत विचारा, हिंदीत विचारा, तुमच्या घरच्या बोलीत विचारा. मुलाने त्याच बोलीत सांगितलं तरी चालेल. उलट तेच हवं, कारण मराठीत वाचलेलं ज्याने घरच्या बोलीत सांगितलं त्याला ते समजलं आहे. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. तेही गावोगावच्या आयांच्या गटांवरच उभं आहे.

गणिताचं तसंच. वही लागत नाही. पाढा ओळीने म्हणणं हे गाणं असतं, तो मधूनच विचारावा. सात चोक किती? नऊ सक किती? इथे आमच्या घरांत एक गोंधळ होतो तो लक्षात ठेवा. आई म्हणते उनसठ, शाळा म्हणते एकोणसाठ आणि मोबाइल म्हणतो फिफ्टी नाइन. मूल चुकत नसतं, तीन भाषांतून वाट काढत असतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास नऊ' असं वाचन दिलं तेव्हा बरीच टिंगल झाली. आम्हाला मात्र ते वावगं वाटलं नाही, आमच्या वर्गातल्या मुलांना त्याचा उपयोगच झाला. बाकी बाजारात पाव किलो खिम्याचे किती, शंभरातून किती परत आले, अब्बूची दुसरी पाळी किती वाजता सुटते, एवढं रोज विचारलं तरी तिसरीचं निम्मं गणित होतं.

एक गोष्ट नाराजीने सांगतो. ऐकून घेण्याचं काम बहुतेक घरांत मोठ्या बहिणीकडे सरकलं. सही तिचीच दिसायची. ती स्वतः सातवीत, तिला भांडी, तिला धाकटी, वर हे. ज्या घरांत वडिलांची सही आठवड्यातून दोनदा तरी असायची, तिथल्या वह्यांवर आम्ही मुद्दाम काही लिहिलं नाही, पण सभेत ती वही सगळ्यांना दाखवली. दुसऱ्या आठवड्यापासून अशा वह्या वाढल्या.

त्या मुलाच्या घरी ऐकणारी निघाली दादी. शाळेत कधी गेली नाही, पण कुरआन वाचते. पहिल्या चार दिवसांत त्याने तिलाही पाठ केलेला धडा म्हणून दाखवला. तिने ओळखलं. लहानपणी मौलवीसाहेब कायद्यातलं अक्षर मधूनच कुठूनही विचारायचे, तसं तिने पुस्तकावर कुठेही बोट ठेवायला सुरुवात केली. 'हे वाच. आता हे. आता खालून वर ये.' तिला स्वतःला ते अक्षर येत नव्हतं, पण पोरगा वाचतोय की बनवतोय, हे तिला त्याच्या आवाजावरून कळत होतं. वहीत तिचा निळा अंगठा. जानेवारीत एकदा शाळेत येऊन आम्हाला विचारून गेली की गोष्टीतला तो कोल्हा शेवटी सुटला का, कारण पोराला झोप लागली आणि तिला ते कळलंच नाही.

आम्ही वर्गात रोज परिपाठानंतर त्याला दहा मिनिटं वेगळं घेतलं, हेही सांगायला हवं. सगळं घरावर ढकलणं बरोबर नाही. कायद्याने पाचवीपर्यंत शाळेला वर्षात दोनशे दिवस आणि आठशे तास शिकवायचं आहे. वर्षाचे तास असतात ८७६०. आमच्या वाट्याला दहावा हिस्साही येत नाही, पण तेवढ्यातही एका मुलाला रोज दहा मिनिटं ऐकता येतं. ते आम्ही जूनपासून करायला हवं होतं. वर्गात मुलं खूप, कागदपत्रं खूप, हे सगळं खरं. तरी पहिलं सत्र त्याचं वाया गेलं ते गेलं.

एप्रिलमध्ये त्याला परत न पाहिलेलं पान दिलं. मिनिटाला चाळीसच्या आसपास शब्द वाचले. साठ नाही. 'प्रश्न', 'सूर्य', 'वाऱ्याने' इथे अजून अडतो. पण वाचून झाल्यावर काय झालं ते त्याने सगळं कोकणीत सांगितलं आणि एक चूकही केली नाही. प्रगतिपुस्तकात बसेल ती श्रेणी आम्ही लिहिली. आणि चौथीच्या वर्गशिक्षकांसाठी वेगळ्या कागदावर तो काय वाचू शकतो, कुठे अडतो, सुट्टीसाठी कुठली तीन पुस्तकं घरी दिली आहेत आणि संध्याकाळी ऐकायला कोण बसतं, एवढं लिहून तो कागद त्याच्या वहीत, निळ्या अंगठ्यांच्या पानाला टाचून ठेवला.